गोळी देता येत नसताना नखाची बुरशी: बाहेरून लावायच्या औषधाचे एक प्रकरण

नखाच्या बुरशीवर बाहेरून लावायचे औषध खरोखर काम करते का, हा प्रश्न रुग्ण जितक्या वेळा विचारतात, तितक्याच वेळा आम्ही डॉक्टरही आपसात विचारतो. उत्तर औषधाच्या नावात फारसे सापडत नाही. ते कोणत्या नखावर, निदानाची किती खात्री करून आणि किती काळ लावले, यावर बहुतेक सगळे ठरते. पुढे मांडलेल्या प्रकरणात एकाच माणसाच्या पायाची तीन नखे बिघडलेली होती. तिन्ही पिवळी आणि जाड होती, तिन्हींना रुग्ण ‘नख किडले’ असेच म्हणत होते, आणि तिन्हींचा शेवट वेगळा झाला. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळून ते सविस्तर लिहीत आहे.

रुग्ण आणि तक्रार

रुग्णाचे वय ५७. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात ते सुरक्षा रक्षकाचे काम करतात. पाळी बारा तासांची, पायात पूर्ण वेळ बंद काळे बूट आणि नायलॉनचे मोजे. उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख चार-पाच वर्षांपासून टोकाकडून पिवळे पडत गेले होते, डाव्या अंगठ्याच्या नखात वर्षभरापासून एक पिवळी उभी रेघ दिसत होती, आणि उजव्या पायाच्या करंगळीचे नख त्याहूनही जुन्या काळापासून जाड व आखूड झालेले होते. दुखणे असे नव्हते, मात्र बुटाच्या टोकाला अंगठा घासू लागल्याने पाळीच्या शेवटच्या तासांत चालणे अवघड होत होते. ‘साहेब, नख काढूनच टाका, म्हणजे नवीन चांगलं येईल,’ हे त्यांचे पहिले वाक्य होते. ही समजूत सर्वत्र आढळते. नख समूळ काढले तरी नखाखालच्या त्वचेतली बुरशी तिथेच राहते, औषध सुरू नसेल तर नवे नख त्याच बुरशीवरून वाढत येते, आणि मधल्या काळात आधार गेल्याने बोटाचा मांसल भाग वर येऊन नव्या नखाला अडथळा होण्याचीही शक्यता असते.

आजवर त्यांनी काय काय केले होते, हे विचारणे आवश्यक होते. कडुनिंबाचे तेल, व्हिनेगर, औषधाच्या दुकानातून सांगून आणलेली एक ट्यूब, आणि घरातून मिळालेल्या सल्ल्याप्रमाणे मेंदी. नखुरडे झाले की मेंदीचा गोळा लावायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि तीच त्यांनी अंगठ्यावर वापरली होती. त्यामुळे नखाच्या पात्यावर गडद तांबूस थर चढला होता आणि रोगट भाग कुठे संपतो, निरोगी भाग कुठे सुरू होतो, ती सीमारेषा वरून दिसत नव्हती. कानशीने वरचा थर हलकेच घासल्यावर ती दिसली.

ट्यूबचा विषय अधिक गंभीर होता. तिच्यात बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टेरॉइड आणि जंतुनाशक अशी तीन औषधे एकत्र होती. अशी मिश्रणे खाज दोन दिवसांत थांबवतात, म्हणून माणसे ती पुन्हा पुन्हा आणतात, पण स्टेरॉइडमुळे त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशी शांतपणे पसरत राहते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतभर नायटा चिवट झाला आहे, त्यामागे या मिश्रणांचा हात मोठा आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत. टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीनाशकाला सहसा न जुमानणाऱ्या, मूळच्या भारतीय उपखंडातल्या बुरशीला २०२० साली ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे स्वतंत्र नाव देण्यात आले, तेव्हापासून हा विषय जगभर चर्चेत आहे. ती बुरशी मुख्यतः अंगावरच्या त्वचेवर आढळते, तरीही मिश्रण मलमे वर्षानुवर्षे वापरलेल्या रुग्णाच्या पायावर नेमकी कोणती बुरशी आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायांची तपासणी

उजव्या अंगठ्याच्या नखाची लांबी १७ मिलिमीटर होती. मुळाकडच्या त्वचेच्या कडेपासून मोजले असता पहिले १० मिलिमीटर नख स्वच्छ, गुलाबी आणि खालच्या त्वचेला चिकटलेले होते. पुढचे ७ मिलिमीटर पिवळसर, भुसभुशीत आणि खालून उचललेले. नखाखाली खवल्यांचा कोरडा भुसा साचला होता. पात्याची जाडी २ मिलिमीटरपेक्षा कमी होती. म्हणजे साधारण ४० टक्के नख बाधित होते आणि नखाचे मूळ, जिथे नख तयार होते ती जागा, सुरक्षित होती. हे शेवटचे निरीक्षण या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे ठरले.

डाव्या अंगठ्यावर चित्र वेगळे होते. बहुतेक नख चांगले होते, पण मधोमध ३ मिलिमीटर रुंदीची गर्द पिवळी रेघ टोकापासून आत शिरत मुळापासून ८ मिलिमीटरवर येऊन थांबली होती. क्षेत्रफळ पाहिले तर हे नख उजव्यापेक्षा बरे होते, आणि रुग्णालाही तसेच वाटत होते. अशी रेघ मात्र संशयास्पद असते, कारण तिच्या आत बुरशीच्या तंतूंचा दाट गोळा असू शकतो, ज्याला वैद्यकात डर्मॅटोफायटोमा म्हणतात.

करंगळीचे नख जाड, किंचित वळलेले, पण कडक होते. खाली भुसा नव्हता. बूट पायात घालायला लावून पाहिले, तेव्हा त्याची बाहेरची शिवण नेमकी त्या नखावर येत होती.

पायाच्या तळव्यांकडे रुग्णाचे लक्षच नव्हते. दोन्ही तळव्यांवर आणि टाचांवर बारीक पांढरट कोंडा होता, कडांवर तो अधिक स्पष्ट होता, आणि चौथ्या-पाचव्या बोटांच्या मधली त्वचा भिजून पांढरी पडली होती. पावसाळ्यात होतात त्या चिखल्या त्यांना बारा महिने होत्या. तळव्यांच्या कोंड्याला ते टाचांच्या भेगा समजून व्हॅसलिन लावत असत. नखाची बुरशी बहुतेक वेळा त्वचेवरूनच नखाखाली शिरते. ज्याच्या नखाला बुरशी आहे, त्याचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या चांगल्या उजेडात पाहिल्याच पाहिजेत.

सोरायसिसमध्येही नखे अशीच दिसू शकतात, म्हणून कोपर, गुडघे, डोके आणि हातांची नखे तपासली. तसे काही आढळले नाही. पायांतल्या नाड्या दोन्हीकडे व्यवस्थित लागत होत्या, आणि रक्तातली साखर सामान्य होती.

आधी खात्री

जाड, पिवळ्या, बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते. उरलेल्यांत बुटाचा दाब, जुनी इजा, सोरायसिस, लायकेन प्लॅनस हा त्वचेचा दुसरा विकार अशी कारणे निघतात, आणि त्या नखांवर बुरशीचे औषध वर्षभर लावले तरी काहीच होत नाही. म्हणून तपासणीशिवाय वर्षभराचा उपचार सुरू करणे मला पटत नाही. रुग्णाचा पैसा तर जातोच, शिवाय ‘लावायची औषधे काही कामाची नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष कायमचा बसतो.

सर्व मलमे दोन-तीन आठवडे बंद ठेवायला सांगून मग नमुने घेतले. नमुना कुठून घ्यायचा याला फार महत्त्व आहे. नखाच्या टोकाकडचा भुसा काढायला सोपा, पण त्यातली बुरशी बहुधा मेलेली असते आणि वातावरणातल्या इतर बुरश्या त्यात मिसळलेल्या असतात. नख स्पिरिटने पुसून, सुटलेला भाग मुळाच्या दिशेने शक्य तितका कापून टाकून, निरोगी आणि रोगट भागांच्या सीमेजवळचा भुसा बारीक क्युरेटने खरवडून घेतला. त्याचा एक भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मुरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, एक कल्चरसाठी, म्हणजे बुरशी वाढवून पाहण्यासाठी, साबुरो या खाद्य माध्यमावर ठेवला, आणि कापलेले नखाचे तुकडे बुरशी रंगवून दाखवणाऱ्या पीएएस रंजनासाठी पाठवले. नखाच्या बाबतीत या तिसऱ्या तपासणीत बुरशी निसटण्याची शक्यता सर्वांत कमी असते. पण बुरशी कोणत्या जातीची आणि ती जिवंत आहे का, हे कल्चरच सांगते, आणि त्यासाठी चार आठवडे थांबावे लागते.

उजव्या अंगठ्याच्या नमुन्यात फांद्या फुटलेले, मधे आडवे पडदे असलेले तंतू दिसले. कल्चरमध्ये वरून पांढरी, कापसासारखी आणि मागून गडद लाल वसाहत वाढली: ट्रायकोफायटॉन रुब्रम, पायाच्या नखांच्या बुरशीचे जगभरातले सर्वांत नेहमीचे कारण. डाव्या अंगठ्यातही तीच निघाली आणि तिथे तंतूंचे घट्ट पुंजके होते. करंगळीच्या नखात तिन्ही तपासण्यांत काहीही आढळले नाही. ते नख बुटाच्या दाबाने बिघडले होते. त्याला औषध लावायचे नाही असे ठरले, आणि रुग्णाला ते पटवून देण्यात बराच वेळ गेला.

गोळी का दिली नाही

अंगठ्याचे नख ४० टक्के बाधित असताना अनेकदा गोळीचाच विचार पहिला होतो, आणि तो योग्यही असतो. टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज १२ आठवडे दिल्यावर, औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकानुसार, पायाच्या नखांतली बुरशी ७० टक्के रुग्णांत तपासणीत नाहीशी झाली आणि नख दिसायलाही पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण ३८ टक्के होते. नख पूर्ण बरे होण्याच्या बाबतीत बाहेरून लावायच्या कोणत्याही औषधाचे आकडे याच्या जवळपास येत नाहीत.

या रुग्णाला मात्र दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. हृदयाची पंप करण्याची क्षमता ३५ टक्क्यांपर्यंत उतरलेली होती. मेटोप्रोलॉल, अटॉर्व्हास्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशी औषधे रोज चालू होती. यकृताच्या तपासणीत एएलटी हे यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे विकर सामान्य मर्यादेच्या दुपटीच्या वर होते, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसत होती, आणि ही वाढ वर्षभरापूर्वीच्या अहवालातही होती.

इट्राकोनॅझोल हृदयाच्या आकुंचनाची ताकद कमी करू शकते. ज्यांचे हृदय आधीच दुबळे आहे त्यांना नखाच्या बुरशीसाठी ते देऊ नये, अशी ठळक चेतावणी त्याच्या माहितीपत्रकावर असते. शिवाय ते अटॉर्व्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढवते. फ्लुकोनॅझोल क्लोपिडोग्रेलचे शरीरात होणारे सक्रिय रूपांतर अडवू शकते, आणि ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे त्यांच्यात हा धोका नखासाठी पत्करणे योग्य नव्हते. राहता राहिले टर्बिनाफिन. ते मेटोप्रोलॉलचा परिणाम वाढवून नाडी मंद करू शकते, पण एवढ्यावरून ते नाकारले नसते; मात्रा कमी करून, लक्ष ठेवून ते देता आले असते. यकृताचा जुना विकार असताना ते देऊ नये, ही सूचना मात्र ओलांडण्यासारखी नव्हती. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून तिन्ही गोळ्या बाजूला ठेवल्या.

बाहेरून लावायच्या औषधावरच भिस्त ठेवायची तर काही अटी पाळाव्या लागतात: निम्म्याहून कमी नख बाधित असावे, मूळ सुरक्षित असावे, नख फार जाड नसावे, बाधित नखे तीन-चारहून अधिक नसावीत, आणि दाट पिवळी रेघ नसावी. उजवे नख सर्व अटींत बसत होते. डावे शेवटच्या अटीत बसत नव्हते, आणि ते सुरुवातीलाच रुग्णाला व त्यांच्या पत्नींना सांगितले.

औषधाची निवड आणि लावण्याची रीत

नखाचे पाते म्हणजे केराटिनचा घट्ट थर. त्वचेवर लावायचे मलम त्याच्या पृष्ठभागावरच राहते. नेल लॅकर या अडचणीवर उपाय म्हणून तयार झाले: नेलपॉलिशप्रमाणे लावले की त्यातले द्रावक उडून जाते, मागे औषधाचा पातळ पापुद्रा उरतो, आणि त्यातली औषधाची तीव्रता बाटलीतल्यापेक्षा कितीतरी पट वाढते. सायक्लोपिरॉक्स या औषधाच्या लॅकरमध्ये ती ८ टक्क्यांवरून सुमारे ३५ टक्के होते. तो पापुद्रा दिवसभर औषध आत सोडत राहतो. तरीही नखाच्या वरच्या थरात जितके औषध असते, त्याचा फार लहान अंशच खालच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. नख कानशीने पातळ करणे उपचाराचाच भाग आहे, ते याच कारणाने.

सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज लावायचे असते. अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळण्यापूर्वीच्या दोन चाचण्यांत ४८ आठवड्यांनी पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण ५.५ आणि ८.५ टक्के होते. २०१४ साली तिथे मान्यता मिळालेल्या इफिनाकोनॅझोल १० टक्के द्रावणाचे हेच आकडे १७.८ आणि १५.२ टक्के आहेत. आकडे निराशाजनक वाटतात, पण ‘पूर्ण बरे’ याचा तिथला अर्थ फार कडक आहे: नखाचा शून्य टक्के भाग बाधित आणि सूक्ष्मदर्शक व कल्चर या दोन्ही तपासण्या निर्दोष. इफिनाकोनॅझोलच्याच चाचण्यांत बुरशी तपासणीत नाहीशी झालेले निम्म्याहून थोडे अधिक होते. रुग्णाला हे सगळे आकडे सांगितले. ज्याला वर्षभर दर आठवड्याला काही करायचे आहे, त्याला खरी शक्यता आधी कळलीच पाहिजे.

आम्ही अमोरोल्फिन ५ टक्के लॅकर निवडले. ते आठवड्यातून एकदा किंवा दोनदा लावायचे असते, पायाच्या नखांसाठी ९ ते १२ महिने. बारा तासांच्या पाळीनंतर रोज पाय घेऊन बसणे या माणसाला जमणार नव्हते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मात्र जमणार होते, आणि वाकून नख घासण्यात त्यांच्या पत्नी मदत करणार होत्या. टर्बिनाफिन बुरशीच्या पेशीचे आवरण बनवणाऱ्या साखळीच्या सुरुवातीला अडथळा आणते, अमोरोल्फिन त्याच साखळीत पुढे दोन ठिकाणी. त्यामुळे टर्बिनाफिनचा परिणाम कमी झालेला असला तरी अमोरोल्फिन लागू पडण्याची शक्यता राहते.

पहिल्यांदा लॅकर दवाखान्यात लावून दाखवले. पाय धुऊन पूर्ण कोरडे केले. सुटलेले नख नेलकटरने कापले, मग खरखरीत कानशीने रोगट भाग वरून घासला, इतका की पिवळा थर पातळ होऊन पात्याची चमक गेली. स्पिरिटच्या बोळ्याने भुकटी आणि तेलकटपणा पुसला. बाटलीतल्या चमच्याने लॅकर घेताना तो बाटलीच्या काठावर पुसायचा नाही, कारण काठावर औषध वाळले की झाकण नीट बसत नाही आणि बाटलीतले द्रावक उडून जाते. नखाच्या पूर्ण पृष्ठभागावर, टोकाच्या कडेखालीही, पातळ थर द्यायचा आणि पाच मिनिटे वाळू द्यायचा. पुढच्या आठवड्यात आधीचा थर स्पिरिटने काढायचा, पुन्हा घासायचे, पुन्हा लावायचे. रोगट नखांची कानस वेगळी ठेवायची; तीच घेऊन चांगली नखे घासली तर बुरशी तिथे जाते. लॅकर आणि स्पिरिट दोन्ही पेट घेणारी आहेत, म्हणून हे सारे स्वयंपाकघरापासून दूर करायचे.

तळव्यांसाठी आणि बेचक्यांसाठी ल्युलिकोनॅझोल १ टक्का मलम रोज एकदा, चार आठवडे. तपासल्यावर पत्नीच्या टाचांवरही तसाच कोंडा आणि तशीच बुरशी निघाली, त्यामुळे तेच मलम त्यांनाही. नायलॉनच्या जागी सुती मोजे, रोज धुतलेले, गरम पाण्यातून काढलेले. बुटांचे दोन जोड आलटून पालटून, म्हणजे प्रत्येक जोडाला वाळायला पूर्ण दिवस मिळेल, आणि नवा जोड करंगळीला न दाबणारा.

महिन्यामागून महिने

पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला साधारण एक ते दीड मिलिमीटर वाढते. ७ मिलिमीटर रोगट भाग पुढे सरकून कापला जायला, बुरशी पूर्ण थांबली असे धरले तरी, सहा-सात महिने लागणार. ती पूर्ण थांबत नाही म्हणून त्याहून अधिक. लॅकर लावल्यावर आधीचा पिवळेपणा कधीच पांढरा होत नाही. जे नख बिघडले ते बिघडलेलेच राहते आणि फक्त कापून जाते. म्हणून पहिल्याच दिवशी दोन्ही अंगठ्यांचे, शेजारी पट्टी ठेवून, फोटो काढले आणि रुग्णाला सांगितले की रंगाकडे पाहायचे नाही, मुळापासून सीमारेषेपर्यंतचे अंतर पाहायचे. ते वाढले की औषध काम करते आहे.

मार्चमध्ये सुरुवात झाली. जूनमध्ये उजव्या नखावरचे अंतर १० वरून १३ मिलिमीटर झाले होते. तळवे स्वच्छ होते. डाव्या नखावरची रेघ मात्र ८ मिलिमीटरवरच उभी होती. नख तर तीन महिन्यांत तीनेक मिलिमीटर वाढले होते. रेघ जागच्या जागी राहिली, म्हणजे बुरशी नखाच्या वाढीइतक्याच वेगाने मुळाकडे सरकत होती. बाहेरून पाहणाऱ्याला ‘निदान वाढली तर नाही’ असे वाटले असते. प्रत्यक्षात त्या नखावर लॅकर निष्प्रभ होते. दाट पुंजक्यातले तंतू जाड आवरणाचे आणि एकमेकांत गुंतलेले असतात, औषध त्यांच्या आतपर्यंत जात नाही, आणि म्हणून तो पुंजका हातांनीच काढावा लागतो.

क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन चालू असल्याने शस्त्राने नख काढणे टाळायचे होते, आणि ती औषधे नखासाठी बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे ४० टक्के युरियाचे मलम वापरले. युरिया निरोगी नखापेक्षा रोगट नख लवकर मऊ करते. भोवतालच्या त्वचेला चिकटपट्टीने झाकून फक्त रेघेवर मलम लावले, वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद आणि पट्टी. रोज बदलत आठवडाभर. त्यानंतर रेघेवरचे पाते ओल्या पुठ्ठ्यासारखे झाले होते. ते बारीक कात्रीने कापून काढले आणि खालचा पिवळा, चिवट भुसा क्युरेटने खरवडला. रक्त आले नाही, भूल लागली नाही. उघड्या पडलेल्या खोबणीत रोज ल्युलिकोनॅझोल आणि दोन्ही कडांवर आठवड्यातून दोनदा लॅकर, असा क्रम ठरला.

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने बूट ओले राहू लागले आणि बेचक्यांत चिखल्या परतल्या. मलम लगेच पुन्हा सुरू केल्याने त्या पसरल्या नाहीत. सप्टेंबरमध्ये उजव्या नखावर १५ मिलिमीटर स्वच्छ होते. डाव्या नखाची खोबण मुळाकडून येणाऱ्या चांगल्या पात्याने भरू लागली होती.

गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या दिवसांत जादा पाळ्या आल्या आणि दीड महिना लॅकर लागलेच नाही. रुग्णाने हे आपणहून सांगितले नाही; डिसेंबरच्या फोटोत ते दिसले. अंतर १५ वरच होते. दोष देण्याचे कारण नव्हते. ज्याचा पगार पाळीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी आखलेला उपचार त्याच्या वर्षाच्या वेळापत्रकात बसला पाहिजे, आणि सणांच्या दिवसांचा विचार योजनेत आधीच हवा. सुट्टीचा दिवस बदलला तर लॅकरचा दिवसही बदलेल, पण दोन वेळा लावण्यात दहा दिवसांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही, असे ठरले. कानस घासायला वेळ नसेल तरी जुना थर पुसून नवा लावायचा.

पुढच्या मार्चमध्ये उजव्या नखाच्या फक्त बाहेरच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका उरला होता. जूनमध्ये, सुरुवातीपासून पंधरा महिन्यांनी, नख टोकापर्यंत गुलाबी होते. लॅकर चार आठवडे बंद ठेवून नमुने घेतले. पृष्ठभागावर औषध असताना कल्चर वाढत नाही आणि अहवाल खोटा चांगला येतो, म्हणून हा खंड आवश्यक असतो. उजव्या अंगठ्याच्या दोन्ही तपासण्यांत बुरशी नव्हती.

डाव्या अंगठ्याच्या तपासणीतही बुरशी आढळली नाही. पण ते नख मधोमध किंचित उंचवटा असलेले आणि टोकाला २ मिलिमीटर सुटलेले राहिले आहे. चाचण्यांच्या भाषेत त्याची गणना ‘पूर्ण बरे’ मध्ये होणार नाही. बुटात ते घासत नाही, म्हणून रुग्ण समाधानी आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने मूळ तक्रार दूर झाली आहे. करंगळीचे नख जाडच आहे. नव्या बुटांत ते दुखत नाही.

पुढे

पायाच्या नखांची बुरशी परत येण्याचे प्रमाण बरेच आहे. याची कारणे या रुग्णाच्या आयुष्यात तशीच आहेत: तेच काम, तेच बूट, तोच पावसाळा. म्हणून तळव्यांवर आणि बेचक्यांत बुरशीनाशक मलम आठवड्यातून दोनदा चालू ठेवले आहे, आणि जून ते ऑक्टोबर या काळात ते रोज लावायचे आहे. दोन्ही अंगठ्यांवर लॅकर दर पंधरा दिवसांनी लावण्याचा सल्ला दिला आहे; अशा प्रतिबंधक वापराला भक्कम पुरावा थोडा आहे, परंतु ज्याला गोळी देता येत नाही त्याच्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यापेक्षा हा खर्च कमी आहे, असा माझा हिशेब आहे. जुने बूट टाकून दिले आहेत. पत्नीच्या टाचा दर भेटीत तपासल्या जातात.

डाव्या नखात पुन्हा रेघ दिसली, तर लॅकर वाढवत न बसता थेट कल्चर आणि युरिया, असे केसपेपरवर लिहून ठेवले आहे. यकृताचे अहवाल वजन कमी केल्याने सुधारत आहेत. ते सहा महिने सामान्य राहिले तर टर्बिनाफिनचा विचार हृदयरोगतज्ज्ञांबरोबर पुन्हा करता येईल, मात्र तो बुरशी प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यावरच. पुढची भेट ऑक्टोबरमध्ये, पावसाळा संपल्यावर, दोन्ही बूट सोबत आणून.